मोठ्या स्टॅकसमोर भारी पानं: पोकर स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यासाठी

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती आणि रमी खेळत बेळगावात वाढलेला माणूस पोकरच्या टेबलावर बसला, की पहिले दोन तास त्याचं फारसं अडत नाही. पानांची ओळख असते, समोरच्याचं तोंड वाचायची सवय असते, हरल्यावर ‘होगली बिडू’ म्हणत पुढच्या डावाला लागायची तयारीही असते. अडतं ते शेवटी. टेबलावर चार-पाच जण उरलेत, एकाच्या पुढ्यात चिप्सचा ढीग (म्हणजे मोठा स्टॅक) आहे आणि तुमच्या हातात एक्का-राजा किंवा राणीची जोडी आली आहे. हा लेख तेवढ्याच प्रसंगापुरता आहे. टेक्सस होल्डमचे नियम, म्हणजे ब्लाइंड, फ्लॉप, टर्न, रिव्हर वगैरे, तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

कुठे खेळायचं, हे एकदाच सांगून टाकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्या बंदीपुढे चालत नाही. सरावाला पैसे न लावता खेळायची अ‍ॅप पुरेशी आहेत. प्रत्यक्ष टेबलावरच्या स्पर्धेची हौस असेल, तर आपल्याकडचे लोक चोर्ला घाट उतरून पणजीला जातात. तिथल्या कॅसिनोत प्रवेशाला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. आणि तिसरी सोय म्हणजे टिळकवाडी, शहापूर किंवा खानापुरात कुणाच्या तरी माडीवर जमणारी मित्रांची बैठक. पुढची सगळी उदाहरणं अशाच एका बैठकीची आहेत. पैसे नाहीत. दहा डबे कुंदा सगळ्यांनी मिळून आणायचा: पहिल्याला पाच डबे, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला काही नाही. (रात्री बाराला डबे फुटतात आणि सगळेच खातात, ही गोष्ट हिशोबात धरू नका.)

पानं उचलण्याआधी चिप्स मोजा

नवा माणूस आधी पानं बघतो. शेवटच्या टप्प्यात उलट करायचं. डाव वाटला जात असताना तीन गोष्टी बघून घ्यायच्या.

आपल्याकडे किती बिग ब्लाइंड आहेत? ३०,००० चिप्स हा आकडा एकटा काही सांगत नाही. ब्लाइंड ५००-१००० असतील तर ते ३० बिग ब्लाइंड झाले, १०००-२००० असतील तर १५. खेळ त्यावरून ठरतो. चिप्स वीस-वीसच्या गठ्ठ्यात रचून ठेवल्या तर एका नजरेत मोजून होतात. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. तो शिष्टाचारही आहे आणि नियमही.

दुसरं, आपल्याला एका डावात बाहेर काढू शकेल इतक्या चिप्स कुणाकडे आहेत? पोकरमध्ये तुमच्यापुढे धोक्यात येतात त्या फक्त दोघांपैकी लहान स्टॅकएवढ्या चिप्स. तुमच्या ३० हजारांसमोर ५ हजारवाला बसला असेल तर हरलात तरी २५ हजार शिल्लक राहतात. ४५ हजारवाल्याशी सगळं लावून हरलात तर उठून चहा करायला जायचं. टेबलावर असे, तुम्हाला झाकणारे किती जण आहेत आणि ते तुमच्या आधी बोलतात की नंतर, एवढं डोक्यात पक्कं हवं.

तिसरं, बक्षीस किती लांब आहे? चार जण उरलेत आणि बक्षीस तिघांना, हा सगळ्यात अवघड क्षण. याला बबल म्हणतात. या क्षणी चौथा बाहेर जाईपर्यंत बाकी सगळे काचेच्या भांड्यातून चालल्यासारखे खेळतात. मोठा स्टॅकवाला मात्र मोकळा असतो आणि याच भीतीवर तो जगतो.

दोन पानं म्हणजे अजून अर्धा डाव

तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखी पानं) हातात आली की माणूस चेहरा पाडून सावकाश चाल देत राहतो. तीन पानं आली, हात पूर्ण झाला. आता तो बिघडणार नाही, फक्त पॉट वाढवायचा. होल्डममध्ये ही सवय महागात पडते, कारण एक्क्याची जोडी हा पूर्ण झालेला हात नाही. पाच पानं अजून यायची आहेत आणि ती समोरच्यालाही मिळणार आहेत.

एक्क्याची जोडी कुठल्याही दोन पानांविरुद्ध एकास एक लढली तर १०० पैकी ८५ वेळा जिंकते. समोर दोघे आले तर ७३, तिघे आले तर ६४. म्हणजे ‘सगळ्यांना येऊ दे, मग दाखवतो’ म्हणून नुसता ब्लाइंड भरून आत बसलात, की जगातल्या सर्वोत्तम पानांचं तेज तुम्ही स्वतःच कमी केलं. भारी पानं असतील तर रेज करा, आणि रोज जेवढं करता तेवढंच करा. शेवटच्या टप्प्यात साधारण २ ते २.२ बिग ब्लाइंड पुरतात. साध्या पानांवर दुप्पट आणि राजाच्या जोडीवर चौपट करणारा माणूस पानं उघडी ठेवून खेळत असतो. ढीगवाल्याला वाचायला याहून सोपं काही लागत नाही.

इथेच एक नियमाचा फटका बसतो, तो नव्यांना हटकून बसतो. बिग ब्लाइंड १००० आहे, हातात एक्क्याची जोडी, आणि तुम्ही तोंडातून शब्द न काढता ५००० ची एकच चिप पुढे सरकवली. तुमच्या मनात रेज होतं. नियमाने तो कॉल धरला जातो: न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल. मग तिघे स्वस्तात फ्लॉप बघतात. म्हणून चिपला हात लावण्याआधी आकडा मोठ्याने बोलायचा.

अशी पानं येतात तरी किती वेळा? कुठलीही एक ठरावीक जोडी २२१ डावांत सरासरी एकदा. एक्का, राजा, राणी यांच्या जोड्या आणि एक्का-राजा असं सगळं एकत्र धरलं तर साधारण ३९ डावांत एकदा. शेवटच्या टप्प्यात ब्लाइंड चढत असताना एवढी वाट बघणंही परवडत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कुंद्याच्या डब्यांतला हिशोब

आता मूळ मुद्दा. चार जण उरलेत. एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, त्यांच्याकडे ४५,०००. तुमच्याकडे ३०,०००. निपाणीहून आलेल्या दोस्ताकडे २०,०००, आणि खानापूरवाल्याकडे फक्त ५,०००. ब्लाइंड १०००-२०००. खानापूर फोल्ड, निपाणी फोल्ड. सर स्मॉल ब्लाइंडवर आहेत, तुम्ही बिग ब्लाइंडवर. सर पानांकडे नीट न बघता म्हणतात, “ऑल-इन.” म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. तुमच्या हातात एक्का-राजा.

मागून कुणीतरी बोलतोच, “आता काय बघालायस? टाक की!”

नुसत्या चिप्सचा हिशोब केला तर त्याचं बरोबर आहे. तुमचे २,००० आधीच आत आहेत. आणखी २८,००० घालून ६०,००० चा पॉट मिळणार. म्हणजे १०० पैकी ४७ वेळा जिंकलात तरी पुरे. सर डोळे झाकून कुठल्याही दोन पानांवर ढकलत (म्हणजे ऑल-इन होत) असतील, तर एक्का-राजा त्यांच्याविरुद्ध ६५ वेळा जिंकतो. दोन्ही एकाच रंगाचे असतील तर ६७ वेळा. मग अडचण कुठे?

अडचण अशी की बक्षीस चिप्सचं नाही, डब्यांचं आहे. चिप्स डब्यांत बदलायची एक सर्वमान्य रीत आहे, तिला इंडिपेंडंट चिप मॉडेल, थोडक्यात आयसीएम म्हणतात. तिचं गृहीतक साधं आहे: ज्याच्याकडे एकूण चिप्सचा जितका वाटा, तितकी त्याची पहिलं यायची शक्यता, पहिला वगळून उरलेल्यांत पुन्हा त्याच वाट्याने दुसरा, मग तिसरा. या रीतीने वरचं उदाहरण सोडवलं तर असं येतं.

फोल्ड केलंत तर २८,००० उरतात आणि त्यांची किंमत जवळपास बरोबर ३ डबे. कॉल करून जिंकलात तर ६०,००० होतात, त्यांची किंमत ४.०६ डबे. कॉल करून हरलात तर शून्य, चौथा नंबर.

चिप्स दुपटीहून वाढल्या, डबा मात्र एकच वाढला! त्या एका डब्यासाठी हातातले तीन पणाला लावायचे असतील तर १०० पैकी ७४ वेळा जिंकायला हवं. एक्का-राजा तिथे पोचत नाही. दहाची जोडी, जी दिसायला किरकोळ, ती कुठल्याही दोन पानांविरुद्ध ७५ वर म्हणजे जेमतेम पोचते. गुलामाची जोडी ७७ च्या पुढे, राणीची ८०, राजाची ८२, एक्क्याची ८५.

तेही सर खरोखर काहीही घेऊन ढकलत असतील तरच. ते फक्त जोड्या आणि एक्केवाली पानंच घेऊन येतात असं संध्याकाळभर दिसलं असेल, तर राणीची जोडी ७० च्या आसपास उतरते आणि फोल्ड होते. राजाची जोडीसुद्धा काठावर येते. हे ऐकून लोक चिडतात. राणीची जोडी टाकायची म्हणजे काय, असं म्हणतात. पण आकडे तेच सांगतात, आणि चिडून ते बदलत नाहीत.

आता त्याच टेबलावर खानापूरवाला त्याचे ५,००० घेऊन ऑल-इन झाला आणि सामना फक्त तुमचा-त्याचा आहे असं धरा. ब्लाइंड बाजूला ठेवून तोच हिशोब केला तर तुम्हाला १०० पैकी ५२ वेळा जिंकणं पुरतं. त्याच्याविरुद्ध एक्का-राजा डोळे झाकून कॉल. पानं तीच, टेबल तेच, डबे तेच. समोरचा माणूस बदलला आणि रेषा ७४ वरून ५२ वर आली. शेवटच्या टप्प्यात ‘माझी पानं कशी आहेत’ या प्रश्नाच्या आधी ‘समोर कोण आहे’ हा प्रश्न येतो, तो याच्यासाठी.

आयसीएमला काही गोष्टी दिसत नाहीत. पुढचा ब्लाइंड कुणावर येणार, कोण चांगला खेळतो, कोण झोपेला आलाय, हे त्यात धरलेलं नसतं. खानापूरवाल्याकडे अडीच ब्लाइंड उरलेत आणि पुढच्या डावाला त्याचाच बिग ब्लाइंड असेल, तर तुम्ही आणखी सावध राहायचं. तो बाहेर पडला की दोन डबे तुमच्या पिशवीत आपोआप पडतात.

कॉल करणारा नव्हे, आधी ढकलणारा व्हा

मग एक्का-राजाचं करायचं काय? तो आधी आपण वापरायचा. सरांनी ढकलल्यावर कॉल केला तर जिंकायचा एकच मार्ग उरतो, पानं उघडून. तुम्ही आधी ऑल-इन झालात तर दोन मार्ग मिळतात: सर फोल्ड करतील किंवा पानं उघडून तुम्ही जिंकाल. शिवाय तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा आहे, त्यामुळे त्यांच्याकडे एक्क्याची किंवा राजाची जोडी असायच्या शक्यता निम्म्या होतात.

किती ब्लाइंडवर काय करायचं, याचा ढोबळ अंदाज असा. दहा किंवा त्याहून कमी असतील तर ढकला किंवा टाका, मधलं काही नाही. पंधराच्या आसपास असताना सरांनी २ ब्लाइंडचं साधं रेज केलं आणि तुमच्याकडे भारी पानं आली, तर थेट ऑल-इन. तिथे ५ ब्लाइंडचं री-रेज करून मग विचारात पडण्यात अर्थ नाही, कारण एक तृतीयांश चिप्स आधीच गेलेल्या असतात. पंचवीस ते चाळीसमध्ये खरी मजा आहे; तिथे री-रेज करून पुढचं बघायला जागा असते.

एक्क्याची आणि राजाची जोडी या टप्प्यावर मी वेगवेगळी खेळतो. धरा, ब्लाइंड ५००-१०००, बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्या टेबलाचा मिळून १००० अँटी (ब्लाइंडखेरीज डावाआधी भरायच्या चिप्स) भरलाय, तुमच्याकडे ३०,०००. सरांनी २,२०० केले, तुम्ही बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर. राजाची जोडी असेल तर मी ६,००० करतो. कारण नुसता कॉल केला तर मागच्या दोन ब्लाइंडवाल्यांना स्वस्तात आत यायला मिळतं, आणि तुमच्याकडे राजाची जोडी असताना फ्लॉपवर एक्का यायची शक्यता २३ टक्के असते. जितके जास्त लोक आत, तितका तो एक्का कुणाकडे तरी असायचा संभव जास्त.

एक्क्याची जोडी असेल आणि सर संध्याकाळभर कुणालाही न विचारता ढकलत असतील, तर तिथे कधीमधी नुसता कॉल करून त्यांनाच पुढे बोलू द्यावं. एक्क्याच्या जोडीला वरून येणारं पान नसतं. शिवाय ढीगवाल्याची सवय अशी असते की त्याने सुरू केलेला पॉट तो सहजासहजी सोडत नाही; फ्लॉपवर तो पुन्हा बेट मारतोच. हा सापळा एकास एकच लावायचा. मागे दोघे लहान स्टॅकवाले बसले असतील तर नाही.

राणीच्या जोडीवर सगळ्यात जास्त वाद होतात. फ्लॉपवर एक्का किंवा राजा यायची शक्यता ४१ टक्के, म्हणजे दर पाच फ्लॉपपैकी दोनदा तुम्ही अडचणीत. माझं मत: बबलवर, ढीगवाल्याविरुद्ध, स्थान वाईट असेल (म्हणजे त्याच्या आधी बोलावं लागत असेल) तर राणीची जोडी घेऊन मोठा पॉट बांधू नये. बबल फुटला, की तीच राणी पुन्हा राणी होते.

फ्लॉप पडल्यावर

वरच्या उदाहरणात तुम्ही ६,००० केले आणि सरांनी कॉल केला, बाकीचे गेले. पॉट झाला १४,५००, तुमच्याकडे उरले २४,०००. म्हणजे पॉटच्या दीडपटीहून थोडं जास्त. इतकं कमी अंतर उरलं, की नऊ-सहा-दोन अशा फ्लॉपवर राजाची जोडी टाकायचा प्रश्नच येत नाही. पॉटच्या एक तृतीयांश, साधारण ५,००० बेट मारा आणि त्यांनी ढकललं तर कॉल करा. या निर्णयाची तयारी री-रेज करतानाच व्हायला हवी. फ्लॉपवर घाम पुसत बसायचं नाही.

एक्का आला तर? घाबरून चेक-फोल्डही नको आणि हट्टाने तीन वेळा बेटही नको. बटणावर असाल तर चेक करून टर्न फुकट बघा. सरांनी टर्नवर लहान बेट मारली तर एकदा कॉल, आणि रिव्हरवर मोठी आली तर बहुतेक वेळा सोडून द्या. काही जण मोठ्या स्टॅकवर असले की ‘एक्का दाखवतात’, म्हणजे एक्का नसताना असल्यासारखं खेळतात. ते ओळखायला त्या माणसाचे आधीचे उघडलेले हात लक्षात ठेवावे लागतात. म्हणून फोल्ड केल्यावर मोबाइल बघत बसू नका. तो वेळ सरांचा अभ्यास करायचा आहे.

एक्का-राजाचं गणित वेगळं. तीनपैकी दोनदा फ्लॉपवर त्याची जोडी लागत नाही. नाही लागली तर ढीगवाल्याशी दोन-दोन, तीन-तीन बेट लढवू नये. एक लहान बेट मारून बघायची, कॉल आला तर थांबायचं.

ढीगवाला कसा आहे

मोठा स्टॅक म्हटला की सगळे सारखे नसतात. एक प्रकार नशिबाने दोन मोठे पॉट जिंकून आता ढिगावर हात ठेवून बसलेला. हा रेज करतो तेव्हा त्याच्याकडे पान असतं. त्याच्याविरुद्ध गुलामाची जोडी आणि कमकुवत एक्के सरळ टाका. दुसरा प्रकार सरांसारखा, दर दुसऱ्या डावाला हात घालणारा. त्याच्याविरुद्ध तुमच्या भारी पानांना खरी किंमत मिळते, पण त्यासाठी मधल्या वेळात तुम्ही बिनकामाची पानं घेऊन त्याला आपले चिप्स वाटलेले नसले पाहिजेत. ओळखायचं कसं? ढीगवाल्याने आधी रेज केल्यावर एखाद्या लहान स्टॅकवाल्याने ऑल-इन केलं तर तो किती वेळा फोल्ड करतो, ते बघा. वारंवार फोल्ड करत असेल तर तो हलक्या पानांवर रेज करतोय.

तो कुठे बसलाय, यावरही धोका ठरतो. तो तुमच्या उजवीकडे बसला असेल, म्हणजे तुमच्या आधी बोलत असेल, तर बरं. डावीकडे असेल तर तुमच्या प्रत्येक रेजवर तो नंतर बोलणार, म्हणून रेज करण्यापूर्वीच ठरवा: त्याने ऑल-इन केलं तर काय? उत्तर ‘बघू’ असेल तर ते रेज करू नका.

दोघंच उरले की

खानापूर गेला, निपाणी गेली. तुम्ही आणि सर. तीन डबे दोघांनाही पक्के झाले आणि आता खेळ उरलेल्या दोन डब्यांसाठी आहे. इथे आयसीएमचा सगळा दबाव संपतो; चिप्सचा वाटा म्हणजेच जिंकायची शक्यता, सरळ हिशोब. मघाशी टाकलेला एक्का-राजा इथे कुणाच्याही ऑल-इनवर कॉल आहे. लहान जोड्या, एखादा एकटा एक्का, सगळ्यांचा भाव चढतो. बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो आणि फ्लॉपआधी तोच पहिला बोलतो, फ्लॉपनंतर मात्र शेवटी. नव्यांचा यात हमखास गोंधळ होतो, तेव्हा पहिल्या डावाआधीच सरांना विचारून घ्या: “सर, बटण कुणाकडे?”